शेवटच्या टोकाला पाणी का पोहोचत नाही: दर उन्हाळ्यात परत येणाऱ्या तक्रारीचा शोध

मार्च संपत आला की छोट्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात तीच तक्रार नव्याने येते. चढावरच्या किंवा गावाच्या टोकाच्या वस्तीतील माणसे येऊन सांगतात की पाण्याची टाकी गच्चीवरून दिसते, खालच्या आळीत पाणी गटारीला वाहून जाते, आणि आमच्या नळाला मात्र पाळीच्या दिवशी आधी नुसती हवा येते, मग करंगळीएवढी धार लागते आणि दोन हंडे भरत नाहीत तोच तीही बंद होते. त्यावर बहुतेक ठिकाणी ठरलेले उपाय होतात. टँकर सुरू होतो, दोन-चार लिकेज काढले जातात, आणि तरीही ओरड थांबली नाही तर जास्त अश्वशक्तीच्या पंपाचा ठराव होतो. पावसाळा आला की तक्रार आपोआप थांबते, उपाय लागू पडला असे सर्वांना वाटते, आणि पुढच्या मार्चमध्ये तीच माणसे पुन्हा दारात उभी राहतात.

छोट्या शहरांच्या पाणीपुरवठ्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली आणि या एका तक्रारीने मला जितके शिकवले तितके दुसऱ्या कशानेही शिकवले नाही. आरंभीची काही वर्षे मीही पंपालाच दोष देत होतो. पुढे मोजमाप करू लागल्यावर ध्यानात आले की टोकाच्या वस्तीला मिळते ते साधारणपणे टाकीतले शेवटचे पाणी असते, आणि यंत्रणेत कुठेही, कोणत्याही कारणाने पाणी हरवले तरी सर्वांत आधी तेच शेवटचे पाणी हरवते. खालच्या वस्त्यांना तूट जाणवतही नाही, कारण त्यांचा वाटा आधी निघालेला असतो. म्हणून टोकाला पाणी नाही याचा अर्थ दोष टोकाला आहे असा घेऊ नये. शोध टाकीपासून सुरू करावा.

तक्रार आधी नेमकी करून घ्यावी

‘पाणी येत नाही’ या तीन शब्दांवरून काहीही ठरवता येत नाही. टोकाच्या वस्तीतील दोन-तीन घरे निवडून, सलग तीन पाळ्यांना, पाणी केव्हा सुरू झाले, केव्हा बंद झाले आणि पंधरा लिटरची बादली सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी किती वेळात भरली, एवढे त्या घरच्यांकडून कागदावर लिहून घ्यावे. हे काम घरातील बायका अत्यंत चोखपणे करतात, कारण पाण्याच्या वेळेशी त्यांचा सारा दिवस बांधलेला असतो. माझ्या अनुभवात कार्यालयातील नोंदवहीपेक्षा या कागदांनी जास्त खरे सांगितले आहे.

पाणी उशिरा येते, पण आल्यावर धार बरी असते आणि मग एकदम थांबते, असे असेल तर टाकीतील साठा अपुरा पडतो आहे असे समजावे. सुरुवातीला धार चांगली असून पाच-दहा मिनिटांत मरते, असे असेल तर त्याच नळावरच्या घरांतील मोटारी सुरू होत असण्याचा संभव मोठा. बराच वेळ फुसफुस होऊन थबकत थबकत पाणी येत असेल तर नळात हवा अडकते आहे. आणि शेजारच्या गल्लीत व्यवस्थित पाणी असून एकाच गल्लीत नसेल तर टाकीकडे जाण्याची गरजच नाही. त्या गल्लीचा फाटा, त्यावरचा व्हॉल्व्ह किंवा घराघरांच्या फेरूल, म्हणजे मुख्य नळातून घराला पाणी घेण्याच्या जोडण्या, तपासाव्यात. पुढचे सारे विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहे, कारण दर उन्हाळ्यात परत येणारी तक्रार बहुधा त्याच प्रकारची असते.

टाकीतील पाणी डोळ्यांनी नव्हे, पट्टीने मोजावे

बहुतेक टाक्यांवर पाण्याची पातळी बाहेरून दाखवणारी फ्लोटची पट्टी बसवलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ती गंजून एका जागी अडकलेली असते. त्यामुळे ‘टाकी भरली’ हे व्हॉल्व्हमन ओव्हरफ्लोच्या पाईपमधून पाणी पडू लागले की सांगतो, आणि ओव्हरफ्लो झालाच नाही तर पंप इतके तास चालला म्हणजे भरली असेलच, असे धरले जाते. ही समजूत पहिल्यांदा तपासावी. टाकीच्या मॅनहोलमधून खुणा केलेली स्वच्छ दोरी किंवा टेप वजन बांधून सोडली की पातळी सेंटिमीटरमध्ये कळते. जुन्या टाकीची शिडी आतून गंजलेली असू शकते, म्हणून पट्टा बांधल्याखेरीज आणि खाली दुसरा माणूस उभा असल्याखेरीज कोणालाही वर पाठवू नये. दाबाच्या गेजवर हे मोजमाप होत नाही, कारण १० मीटर पाण्याला चौरस सेंटिमीटरमागे जेमतेम १ किलोचा दाब येतो, आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरचा फरक गेजच्या काट्यावर दिसतसुद्धा नाही.

मोजमापाचा हिशेब सोपा आहे. टाकी गोल असून आतला व्यास १० मीटर असेल तर तळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस मीटर होते, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर वर-खाली झाली की ७८५ लिटर पाणी आले किंवा गेले. पाण्याची खोली अडीच मीटर धरली तर ही टाकी साधारण दोन लाख लिटरची होते. आपल्या टाकीचा व्यास घेऊन हा एक आकडा काढून ठेवावा. पुढच्या सर्व तपासण्या त्यावर चालतात.

आता दोन चाचण्या कराव्यात, शक्यतो एकाच रात्री. पहिल्या चाचणीत टाकीखालचे गावाकडे जाणारे सर्व व्हॉल्व्ह बंद करून पंप सुरू करावा आणि एका तासात पातळी किती चढते ते पाहावे. दुसऱ्या चाचणीत पंप बंद करून, गावाचे व्हॉल्व्ह तसेच बंद ठेवून, पुढच्या एका तासात पातळी किती उतरते ते पाहावे. व्हॉल्व्ह खरोखर बंद असतील तर दुसऱ्या चाचणीत पातळी उतरण्याचे काहीच कारण नाही.

एका गावात मी ही चाचणी केली तेव्हा तेथे नवा पंप बसवून एक वर्षही झाले नव्हते आणि तरी चढावरची वस्ती कोरडीच होती. पंपाची क्षमता ताशी ५० हजार लिटर होती, म्हणजे वर सांगितलेल्याच मापाच्या त्या टाकीत पातळी तासाला सुमारे ६४ सेंटिमीटर चढायला हवी होती. ती ४१ सेंटिमीटर चढली. नवा पंपही कमी पाणी देतो आहे, असे म्हणून सर्वांनी पुरवठादाराकडे बोट दाखवले. दुसऱ्या चाचणीत, पंप बंद आणि व्हॉल्व्ह ‘बंद’ असताना, पातळी तासाभरात २२ सेंटिमीटर उतरली. ४१ आणि २२ मिळून ६३ होतात. पंप पूर्ण पाणी देत होता. त्यातला एक तृतीयांशाहून अधिक भाग, ताशी सतरा हजार लिटर, बंद समजल्या जाणाऱ्या व्हॉल्व्हमधून रात्रभर गावात उतरत होता. बदललेला जुना पंपदेखील बहुधा निर्दोष असावा, याची मला आजही खंत वाटते, कारण त्या पैशात सगळे व्हॉल्व्ह नवे झाले असते.

पहाटे एक ते पाच या चार तासांत टाकी भरत असे. त्या हिशेबाने रोज जवळजवळ सत्तर हजार लिटर पाणी टाकीत साठण्याऐवजी निसटत होते. भुयारी गटार नसलेल्या शहरासाठी माणशी दररोज ७० लिटर हे प्रमाण केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीत धरलेले होते. म्हणजे हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. टाकी अडीच मीटर भरण्याऐवजी एक मीटर चौसष्ट सेंटिमीटरवरच थांबत होती. सकाळी पाणी सोडल्यावर सेकंदाला १० लिटर या गतीने भरलेली टाकी साडेपाच तास पुरली असती. ती साडेतीन तासांतच संपत होती, आणि चढावरच्या वस्तीला पाणी मिळण्याची वेळ नेमकी त्या शेवटच्या दोन तासांत होती.

हे पाणी कोठे जात होते हा प्रश्न साहजिक आहे, कारण रस्त्यावर कोठेही पाणी दिसत नव्हते. ते खालच्या आळीत जात होते. तेथील अनेक नळांना तोटी नव्हती, घरातील हौद रात्रीच भरून वाहत आणि पाणी सरळ गटारीत जाई. रात्री पाणी येते म्हणून कोणी तक्रार करत नाही, त्यामुळे कार्यालयात त्याची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता. दोषाची तक्रार एका वस्तीतून यावी आणि दोषाची खूण दुसऱ्या वस्तीत असावी, आणि त्या दुसऱ्या वस्तीला मौन बाळगण्याचे पूर्ण कारण असावे, अशी ही रचना आहे. म्हणूनच हा बिघाड वर्षानुवर्षे सापडत नाही.

हा बिघाड बारमाही असून तक्रार उन्हाळ्यातच का येते, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात उद्भवात पाणी भरपूर असते, पंप सहा-सात तास चालवता येतो, आणि गळती धरूनही टाकी भरते. उन्हाळ्यात विहिरीची किंवा तलावाची पातळी खाली गेली, विजेचे तास घटले की पंप चारच तास चालतो आणि तूट उघडी पडते.

चाचणीचा निकाल वेगळा आला तर वाटही वेगळी धरावी. पातळी चढतेही कमी आणि पंप बंद केल्यावर उतरत मात्र नाही, असे झाले तर टाकीखालचे व्हॉल्व्ह ठीक आहेत. मग पंपापासून टाकीपर्यंतची ऊर्ध्ववाहिनी, तिच्यावरची चोरून घेतलेली कनेक्शने, आणि ऊर्ध्ववाहिनीतून टाकी वगळून थेट गावात पाणी सोडण्यासाठी ठेवलेला बायपास यांकडे वळावे. बायपासचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे कोणी हातात धरलेला नसतो आणि तो पूर्ण बंद आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. ही सर्व ठिकाणे कोरी निघाली तरच पंपाचा अँपिअर, व्होल्टेज आणि इंपेलर (आतले फिरणारे चाक) तपासावा. उलट पातळी उतरत असेल आणि टाकीत पाणी वरून न पडता खालून चढत असेल तर पंपाजवळचा नॉन रिटर्न व्हॉल्व्हही पाहावा, कारण तो नादुरुस्त असल्यास पंप थांबताच पाणी उलटे विहिरीत जाते. टाकीच्या तळाचा वॉशआऊट, म्हणजे धुण्याचे पाणी बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह, गळत असेल तर त्याच्या तोंडाशी ओल दिसतेच, त्यासाठी वेगळ्या चाचणीची गरज नाही.

व्हॉल्व्ह बंद होतो, पण बसत नाही

व्हॉल्व्हमन चावी फिरवतो, चावी घट्ट होते, आणि व्हॉल्व्ह बंद झाला असे तो प्रामाणिकपणे मानतो. नळावरचे हे व्हॉल्व्ह बहुधा स्लूस व्हॉल्व्ह असतात, म्हणजे आतली पाटी वर-खाली करून पाणी सोडणारे आणि अडवणारे. स्लूस व्हॉल्व्हच्या तळाला जी खाच असते तिच्यात खडा, वाळू किंवा जुन्या गॅस्केटचा तुकडा अडकला की वरून येणारी पाटी तेथे टेकते आणि खाली एक-दीड सेंटिमीटरची फट राहते. चावीला मात्र तोच घट्टपणा जाणवतो. ज्या गावाचा उल्लेख मी वर केला तेथे टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा खाचेत दगडाची कपची आणि रबराचा तुकडा, दोन्ही निघाले.

असा व्हॉल्व्ह ओळखण्याची जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे ऐकणे. रात्री, गाव शांत असताना, लोखंडी सळईचे एक टोक व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर, म्हणजे चावी बसते त्या दांड्यावर, टेकवून दुसरे कानाजवळ धरावे. आत पाणी वाहत असेल तर बारीक, सलग सरसर ऐकू येते आणि पूर्ण बंद व्हॉल्व्ह मुका असतो. कानाने शोधलेले हे व्हॉल्व्ह नंतर पट्टीच्या मोजमापाने पक्के करावेत.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणून व्हॉल्व्ह दोन-तीन फेरे उघडावा, पाण्याच्या जोराने खाच धुऊन निघू द्यावी आणि पुन्हा बंद करावा. असे पाच-सहा वेळा केल्यास खडा पुष्कळदा निघून जातो. घट्ट बसत नाही म्हणून चावीला लांब पाईप लावून जोर देणे ही सर्वांत वाईट सवय आहे, कारण त्यामुळे स्पिंडल वाकते किंवा आटे मरतात आणि खडा तसाच राहतो. प्रत्येक व्हॉल्व्हला पूर्ण उघड्यापासून पूर्ण बंदपर्यंत किती फेरे लागतात ते एकदा मोजून चेंबरच्या झाकणावर आतून रंगाने लिहावे. एरवी बावीस फेरे लागणारा व्हॉल्व्ह आज एकोणिसाव्या फेऱ्यालाच घट्ट झाला, तर आत काहीतरी अडकले आहे हे नव्या व्हॉल्व्हमनलाही त्याच क्षणी कळते.

आता मूळ मुद्दा, हा दोष परत का येतो. नळ फुटला की खड्ड्यात गढूळ पाणी आणि माती साठते, जोड बसवताना त्यातला काही भाग नळात जातो, आणि पुढच्या पाळीला ती माती जवळच्या व्हॉल्व्हच्या खाचेत जाऊन बसते. म्हणजे एक लिकेज दुरुस्त करताना आपण दुसऱ्या गळतीची बी पेरत असतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर गावाला पाणी देण्याआधी जवळचा वॉशआऊट उघडून पाणी स्वच्छ होईपर्यंत नळ धुणे, एवढी एक गोष्ट पाळली तरी व्हॉल्व्ह बिघडण्याचे प्रमाण ठळकपणे घटते. पाण्याची टंचाई असताना पाणी असे वाहू देणे जिवावर येते हे मला ठाऊक आहे, पण न धुतलेला नळ रोज रात्री त्याच्या कितीतरी पट पाणी घेतो.

टाकी भरली, तरीही टोकाला धार नाही

टाकी पूर्ण भरू लागल्यावर निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात. उरलेल्यांचे कारण समजण्यासाठी टाकी मुळात काय करते हे लक्षात घ्यावे लागते. टाकी पाणी साठवते तशीच ती उंचीही साठवते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून उंच भिंतीवर चढवले आणि तेथून खाली सोडून चक्की फिरवली. पंप नसलेल्या काळातील त्या कारागिरांना पाण्याची उंची हीच शक्ती हे नेमके ठाऊक होते. आपल्या सिमेंटच्या टाकीचेही तेच आहे. पंपाचे काम टाकीच्या तोंडाशी संपते. त्यानंतर गावातील प्रत्येक नळाला जी काही धार मिळते ती टाकीच्या उंचीची देणगी असते, आणि म्हणून मोठा पंप घेतल्याने टाकी लवकर भरेल, पण नळाचा दाब वाढणार नाही.

उदाहरण घेऊ. टाकीचे स्टेजिंग, म्हणजे पायथ्यापासून टाकीच्या तळापर्यंतची उंची, १२ मीटर आहे, तीत अडीच मीटर पाणी मावते, आणि चढावरची वस्ती टाकीच्या पायथ्यापेक्षा ४ मीटर उंचावर आहे. टाकी पूर्ण भरलेली असताना त्या वस्तीसाठी साडेदहा मीटर उंची हाताशी असते आणि टाकी संपत आली की आठ मीटर उरते. टाकीपासून वस्तीच्या फाट्यापर्यंत १०० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी नळ ६०० मीटर लांब आहे, आणि खालच्या आळीचे सर्व फाटेही याच नळाच्या शेवटाशी जोडलेले आहेत. पुढच्या बारीक नळांतील घर्षण हिशेबासाठी सोडून देऊ.

सगळे फाटे एकाच वेळी उघडे असून या नळातून सेकंदाला १० लिटर पाणी वाहत असेल तर ६०० मीटरमध्ये घर्षणात सुमारे १० मीटर उंची खर्च होते. चढावरच्या नळाला अर्धा मीटर उरतो. तीच ती करंगळीएवढी धार. टाकी अर्धी झाली की तेवढेही उरत नाही आणि नळ हवा ओढू लागतो. प्रवाह ७ लिटरवर आणला तर खर्च ५ मीटरच्या आसपास येतो, आणि ५ लिटरवर आणला तर पावणेतीन मीटरपर्यंत उतरतो. प्रवाह निम्मा झाला की घर्षणाचा खर्च निम्मा होत नाही, तो जवळजवळ पाव होतो. या एका गोष्टीत चढावरच्या वस्तीचे पाणी दडलेले आहे. भरलेल्या टाकीतून सेकंदाला ५ लिटर सोडले तर वस्तीला पावणेआठ मीटर दाब मिळतो, आणि एकमजली घरांसाठी त्याच १९९९ च्या नियमावलीने सांगितलेला किमान दाब ७ मीटर होता.

यावरून निघणारा उपाय रूढ पद्धतीच्या अगदी उलट आहे. बहुतेक गावांत आधी सगळे व्हॉल्व्ह उघडतात, खालच्या आळीचे हौद भरले की वरच्यांना आपोआप पाणी चढते असे मानतात, आणि तोवर टाकी निम्म्यावर आलेली असते. त्याऐवजी टाकी पूर्ण भरलेली असताना पहिली पाळी चढावरच्या वस्तीला द्यावी, त्या वेळात खालच्या आळीचे फाटे पूर्ण बंद ठेवावेत, आणि वस्तीचे भरून झाल्यावर खालचे फाटे उघडावेत. खालच्या आळीला अर्ध्या टाकीतूनही धार मिळते, कारण तिच्या बाजूला उतार आहे. पाणी तेवढेच, नळ तेच, पंप तोच. फक्त क्रम बदलतो. अर्थात फाट्यांचे व्हॉल्व्ह बसत नसतील तर हा क्रम कागदावरच राहतो, म्हणूनच मी आधी व्हॉल्व्हवर इतका वेळ घालवला.

नवा खर्च करायचाच असेल तर तो नळाच्या व्यासावर करावा. याच उदाहरणात १०० ऐवजी १५० मिलिमीटरचा नळ असता तर सेकंदाला १० लिटर वाहूनही घर्षणात दीड मीटरपेक्षा कमी उंची गेली असती. जुना बिडाचा नळ आतून गंजून खडबडीत झाला असेल तर नव्या पीव्हीसीच्या तुलनेत खर्च जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो; अशा नळाचा एखादा तुकडा कापून आतून पाहिला की पंपाचा ठराव मांडणाऱ्या सदस्यांनाही अधिक समजावून सांगावे लागत नाही.

हवा, मोटारी आणि गढूळ पाणी

रोज रिकामा होणारा नळ रोज हवेने भरतो, आणि ती हवा चढावरच्या टोकाला अडकून पाण्याची वाट अरुंद करते. तेथे अशी हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह असतो, पण त्याचा गोळा चिकटलेला असतो किंवा गळतो म्हणून कोणीतरी तो बंद करून टाकलेला असतो. तो स्वच्छ करून पुन्हा चालू करावा, आणि त्याच्या चेंबरमध्ये सांडपाणी साठू देऊ नये. नळ रिकामा होताना एअर व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतो; चेंबर गढूळ पाण्याने भरलेले असेल तर तो तेच पाणी आत घेईल आणि पुढच्या पाळीला ते कोणाच्या तरी हंड्यात जाईल.

नळाला थेट जोडलेल्या टिल्लू मोटारींविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. त्या शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढतात आणि नळात निर्वात निर्माण करून गळक्या जोडांतून घाण आत खेचतात. काही गावांत पाण्याच्या वेळी त्या भागाची वीज बंद ठेवतात आणि त्याचा उपयोग होतो. मोटारी जप्त करण्याची मोहीम मात्र टाकी आणि व्हॉल्व्ह ठीक केल्यानंतरच काढावी असे माझे मत आहे. ज्याच्या नळाला पाणीच चढत नाही त्याने मोटार बसवली तर त्याला आधी गुन्हेगार ठरवणे मला पटत नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले आहे. नळाला केव्हाही पाणी असेल तर मोटार लावून ते आधी ओढून घेण्याची घाई कोणाला राहणार?

टोकाला पहिली दहा मिनिटे गढूळ पाणी येत असेल तर ते पाणी पिण्यासाठी भरू नये, आणि टोकाच्या नळावर क्लोरीनची तपासणी करावी. शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मिळाले पाहिजे, आणि ते टाकीजवळच्या नळावर नव्हे, शेवटच्या घरात मिळाले पाहिजे. हिशेबासाठी, ब्लीचिंग पावडरीत २५ टक्के क्लोरीन धरले तर एक लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रेसाठी ८०० ग्रॅम पावडर लागते. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीची शक्ती उडून गेलेली असते, म्हणून मात्रा टाकली यावर विसंबून न राहता टोकाच्या नळावर काय मिळाले तेच वहीत लिहावे.

दुरुस्तीनंतरचे पंधरा दिवस

वर सांगितलेल्या गावात व्हॉल्व्ह बदलून आणि पाळीचा क्रम उलटा करून तिसऱ्या दिवशी चढावरच्या वस्तीत सलग दीड तास पाणी आले. त्याच आठवड्यात खालच्या आळीतून, माझ्या माहितीप्रमाणे प्रथमच, मोठा जमाव तक्रार घेऊन आला. रात्रीचे पाणी बंद का केले, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचाही दोष नव्हता. रात्री येणारे पाणी हा त्यांना आपला हक्क वाटू लागला होता आणि ते बंद होणार असल्याचे त्यांना कोणीही आधी सांगितले नव्हते. ती चूक माझी होती. अशा बदलाच्या किमान आठवडाभर आधी दोन्ही वस्त्यांत जाऊन नवी वेळ सांगावी, ती चौकात लिहून लावावी, आणि खालच्या आळीतील नळांना तोट्या बसवून द्याव्यात.

त्यानंतर पंधरा दिवस रोज तीन आकडे लिहावेत: पाणी सोडण्यापूर्वीची टाकीची पातळी, पाणी बंद केल्यावरची पातळी, आणि टोकाच्या ठरलेल्या नळावर बादली भरायला लागलेले सेकंद. पहिला आकडा घसरू लागला तर पुन्हा रात्रीची चाचणी करावी. पहिला स्थिर असून तिसरा वाढू लागला तर वितरणाच्या नळावर नवे लिकेज, नवी मोटार किंवा अडकलेली हवा शोधावी. पंधरा दिवसांनी रोजची नोंद आठवड्यातून एकदा केली तरी चालते, मात्र प्रत्येक नळ-दुरुस्तीनंतरच्या रात्री, वॉशआऊट धुऊन झाल्यावर, एक तास सर्व व्हॉल्व्ह बंद ठेवून पातळी उतरते का एवढे पाहायलाच हवे. आमच्या व्हॉल्व्हमनने हे इतके अंगवळणी पाडून घेतले की पुढच्या मार्चमध्ये चढावरच्या वस्तीतून कोणी येण्याआधी तोच सकाळी येऊन म्हणाला, “साहेब, काल रात्री सहा सेंटिमीटर उतरली, दोन नंबरचा व्हॉल्व्ह खडा धरतोय.”